पायताणाबरोबर बाहेर काढलेली जात

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकू येतं. साधनव्यक्ती म्हणून आलेला माणूस माइक हातात घेतो आणि सांगतो, वर्गात जाताना आपली जात, धर्म, पक्ष, घरची भांडणं, सगळं चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवा; आत जातो तो फक्त शिक्षक. टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. पहिल्या बाकावर बसून वाजवल्यात.

मित्रांनो, मी काही समीक्षक नाही. तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या शाळेत मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण आपल्या आत्मकथनांवर आजवर जे लिहिलं गेलं ते वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचत आली. पांढरपेशा समीक्षकांनी विचारलं, हे साहित्य आहे का? आपल्या समीक्षकांनी विचारलं, यात विद्रोह किती, नकार किती, बाबासाहेब किती? लिहिणारी माणसं पोटापाण्यासाठी काय करत होती, हे मात्र कुणी धरून विचारलं नाही. बघा तर खरं. माधव कोंडविलकर शिक्षक. शांताबाई कांबळे शिक्षिका. कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापक. प्र. ई. सोनकांबळे प्राध्यापक. शंकरराव खरात तर कुलगुरू झाले. शिकलेल्या आपल्या माणसाला मास्तरकी आणि कारकुनी सोडून दुसरी दारं उघडी होती कुठं, हे एक कारण आहेच. पण तेवढ्यानं भागत नाही. कारकुनांनी एवढं लिहिलं नाही. मला वाटतं, हा त्या चपलेच्या वाक्याचाच परिणाम आहे. दिवसभर जे उंबऱ्याबाहेर ठेवावं लागलं, ते रात्री कागदावर उतरलं.

आता हे वाक्य जरा कोंडविलकरांना लावून बघू. 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ साली ग्रंथालीनं काढलं. रोजनिशीचा बाज. राजापूर तालुक्यातलं कोकणी गाव, लिहिणारा त्याच गावचा, जातीनं चांभार आणि नोकरी मास्तरची. अशा माणसाला तुम्ही सांगताय, जात चपलेसारखी बाहेर काढ! अरे, त्याची जातच चपलेत आहे. समोर बसलेल्या पोराच्या बापाच्या वहाणा याच्याच भाऊबंदांनी शिवल्यात आणि हे त्या पोरालाही माहीत आहे. मोठ्या शहरात मास्तर अनोळखी असतो, तिथं निदान सोंग तरी आणता येतं. गावात वर्गाचं दार आणि वाडीची वाट यांत अंतर किती? तिथं मास्तर दाराबाहेर काय काढून ठेवतो हे आधीच सगळ्या गावानं बघितलेलं असतं.

या पुस्तकाची चर्चा करताना लोक त्यातल्या दारिद्र्याबद्दल बोलतात, आपल्याच लोकांच्या देवभोळेपणावर लेखकानं ओढलेल्या आसुडाबद्दल बोलतात. मी वेगळ्या गोष्टीला महत्त्व देतो. त्यांनी रोजनिशी हा प्रकार निवडला. रोजनिशीला समोर कुणी नसतं. दिवसभर पन्नास तोंडांपुढं बोलणारा माणूस रात्री, समोर कुणी नाही असं बघून, खरं बोलतो. माझ्या लेखी त्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं दुःख हे आहे. आपल्या टीकाकारांनी तिला 'डायरीवजा कथन' अशी चिठ्ठी चिकटवली आणि पुढं गेले.

कुमुदताईंचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. त्यातला संस्कृतवरचा लेख आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलाय, निदान त्याबद्दल ऐकलंय. महाराची पोर संस्कृत घेऊन एम. ए. होते, चांगले मार्क मिळवते, आणि नोकरीसाठी दारोदार फिरते. कुमुद सोमकुंवर असताना नोकरी नाही. कुणबी-मराठा घरात लग्न झाल्यावर, कुमुद पावडे झाल्यावर, सरकारी कॉलेजात नेमणूक होते. डोकं तेच. ज्ञान तेच. आडनाव तेवढं बदललं. म्हणजे ओळख बाहेर ठेवून आत या, असं म्हणणाऱ्या व्यवस्थेनं आत घेण्याआधी ओळखच तपासली होती. दारावरचा शिपाई आधी विचारतो कुठला, आणि आत गेल्यावर म्हणतो, इथं ते बोलायचं नाही.

पण याच लेखात एक गोष्ट आहे जी मला आडवी येते आणि ती मी लपवणार नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकवायला गोखले गुरुजी होते. सोवळ्याओवळ्याचे कडक म्हणून त्यांचा बोलबाला. पोरगी घाबरून गेली की हा बामण आपल्याला काय शिकवणार. आणि त्या माणसानं मायेनं शिकवलं. त्यांच्या वर्गात त्यांचं सोवळं शिरलं नाही. चपलेचा नियम इथं पाळला गेला आणि तो पाळला गेला म्हणून आपल्या एका पोरीच्या हाती संस्कृत लागलं. पुढं विद्यापीठात भेटलेल्या विद्वानाला मात्र ही मुलगी वर्गात बसलेली खुपत होती. एकाच जातीचे दोघं, एकच विषय शिकवणारे. ओमप्रकाश वाल्मीकींचं हिंदीतलं 'जूठन' १९९७ चं. त्यातला हेडमास्तर तर शिकायला आलेल्या पोराच्या हातात झाडू देऊन शाळेचं मैदान झाडून घेतो. त्या हेडमास्तरनं नियम पाळला असता तर?

तेव्हा नियम सरसकट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कुणासाठी केलाय, हे बघायला पाहिजे. ज्याच्या जातीच्या वजनाखाली पोरं दबतात त्यानं ते वजन बाहेर ठेवलं तर पोरांना श्वास घेता येतो. आमच्या जातीचं वर्गात असं कुठलं वजन होतं, जे बाहेर ठेवल्यावर कुणाला बरं वाटावं? १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या कॉलेजांतली मुलं येऊन त्यांच्या व्याख्यानाला बसत. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावायला सहकाऱ्यांची हरकत! व्यवसाय वर्गात होता, जात माठाजवळ उभी होती. बाबासाहेबांनी ती तिथं आणून ठेवली नव्हती.

आणि बाकीचे काय काय बाहेर ठेवतात ते मी वीस-बावीस वर्षं बघतोय. दसऱ्याला पाटीपूजन. हॉलमध्ये सरस्वतीचा फोटो, रोज त्याला हार. एखाद्या वर्षी ऑफिसात सत्यनारायण, शिक्षकांकडून वर्गणी कापून. संक्रांतीला मधल्या सुट्टीत बाईंचं हळदीकुंकू. यातलं काहीच 'वैयक्तिक' नाही बरं का. याला संस्कृती म्हणतात. मी निळा पेन वापरला तरी लोक विचारतात, सर आज निळा? पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येणार नाही असं घटनेचं कलम २८ सांगतं, आणि सरकारचं अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणाला त्याच्या इच्छेविरुद्ध धार्मिक उपासनेला बसवता येणार नाही असंही तेच कलम सांगतं. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून शाळेनं त्याची वरची वेतनश्रेणी अडवली. तो मुंबई हायकोर्टात गेला आणि २०१३ मध्ये कोर्टानं सांगितलं, हात जोडायची सक्ती करता येणार नाही. एवढ्या साध्या गोष्टीला हायकोर्ट लागलं. आमच्या स्टाफरूममध्ये या निकालावर चर्चा झाली तेव्हा एक जण म्हणाले, 'त्या माणसानं स्वतःची मतं शाळेत आणायला नको होती.' हात जोडणं हे मत नाही. न जोडणं हे मत आहे. असं आहे ते.

वर्गातली दुसरी गंमत सांगतो. मास्तरनं स्वतःची जात बोलू नये. पण शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की हाच मास्तर दारात उभा राहून ओरडतो, 'मागासवर्गीय मुलांनी उभं राहा.' पन्नासातली बाराजण मान खाली घालून उभी राहतात. सातवी-आठवीचं वय. शेजारचा पोरगा वर बघतो. आजही काही शाळांत असंच चालतं. मी स्वतः असं ओरडलोय. फॉर्म एकेकाला बोलावून गुपचूप देता येतात, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

आता माझ्या आणि शांताबाईंच्या गोष्टीकडं येतो. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. शांताबाई १९४२ पासून सोलापूर जिल्ह्यात मास्तरीण, पुढं शिक्षण विस्तार अधिकारी. म्हणजे आयुष्यभर त्यांनी पोरांना 'माझ्या जन्माची' असं लिहायला शिकवलं असणार. 'माज्या' लिहिलं तर लाल शाईनं गोल केला असणार. आणि स्वतःचं पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा मुखपृष्ठावर काय लिहिलं? 'माज्या जल्माची'. या एका शीर्षकावर खरं तर प्रबंध व्हायला पाहिजे. नवऱ्यानं दुसरी केली, बाई घर सोडून निघाली, बदलीच्या गावी पोरं घेऊन राहिली, नोकरी टिकवली. हे सगळं लोकांनी आधीच सांगितलंय. माझं लक्ष त्या लाल शाईवर आहे. मास्तरणीनं स्वतःच्या पुस्तकावरची लाल शाई पुसली.

माझ्या तोंडात घरी 'पानी' आहे. आई 'पानी'च म्हणते, मीही तिच्याशी बोलताना तसंच. शाळेच्या फाटकात आलो की 'पाणी'. फाटक ओलांडताना जीभ वळते, तिला सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी मी आरशासमोर उभा राहून ण, ळ घोटलेत. पोरांना वाटायचं सरांचं मराठी शुद्ध. आणि एखादं पोरगं 'न्हाई' म्हणालं की मी त्याला वर्गापुढं तीनदा 'नाही' म्हणायला लावायचो. त्यातली निम्मी पोरं माझ्याच घरातली भाषा बोलत होती. शांताबाई वाचल्यावर मी ते बंद केलं. आता म्हणतो, दोन्ही येऊ द्या; पेपरात हे लिहायचं, आणि आईशी ते बोलायचं.

पण जात सांगितली नाही. आडनाव माझं गावावरून पडलेलं, कर लागून. त्यावरून काही कळत नाही. सुरुवातीला कुणी विचारलं नाही, मग मी सांगितलं नाही, मग सांगायची वेळ निघून गेली. बाहेर मी तुमच्याबरोबर मोर्च्यात होतो, नामांतरवाल्या जुन्या माणसांच्या पायाशी बसून शिकलो. शाळेत मी कुणीच नव्हतो. याला मी 'व्यावसायिकता' म्हणायचो. शब्द चांगला आहे. अंगावर घेतला की झाकलं जातं.

२०१४ चा सहा डिसेंबर शनिवारी आला. मी किरकोळ रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' लिहून दादरला गेलो. शिवाजी पार्कला पुस्तकांच्या स्टॉलवर वाकून पुस्तकं चाळत होतो तेवढ्यात बाजूनं आवाज आला, 'जय भीम सर.' माझ्या आठवीच्या वर्गातला पोरगा. पांढऱ्या लुगड्यातल्या आजीचा हात धरून उभा. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मला आजही आठवतो. आपला मास्तर आपला निघाला याचा आनंद. आणि मी काय केलं? मी आधी इकडं तिकडं बघितलं. शाळेतलं कुणी आहे का ते. चैत्यभूमीला, त्या गर्दीत, शाळेतलं कोण असणार होतं? मग हळू आवाजात म्हणालो, 'हं. जय भीम.' पोरगं काय समजायचं ते समजलं.

सोमवारी हजेरी घेताना त्याचं नाव आलं. तोंडातून सवयीनं गेलं, 'शनिवारी कुठं होतास रे?'

त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळा वर्ग ऐकत होता. म्हणाला, 'पोट दुखत होतं सर.'

मी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ ची. त्यात नायक स्वतःची जात चोरतो. इथं चौदा वर्षांच्या पोरानं मास्तरची चोरली, आणि ती चोरायला स्वतःचा सहा डिसेंबरही पोटदुखीत घातला. दहावीपर्यंत तो माझ्याच शाळेत होता. अडीच वर्षं. एकदाही तो माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलला नाही, मीही नाही. रोज 'गुड मॉर्निंग सर.' निबंध चांगले लिहायचा. मी त्याच्या वहीत 'छान' लिहायचो.

हे सांगताना मला आपल्यातल्या त्या मास्तरांचीही आठवण होते जे दुसऱ्या टोकाला गेले. ते वर्गातच सभा भरवतात. एक तर मला असा माहीत आहे की ज्यानं गटातटाच्या राजकारणात पोरांच्या हातात झेंडे दिले आणि जी पोरं आली नाहीत त्यांच्याशी महिनाभर तुसडेपणानं वागला. त्या वर्गात मातंगाचं पोर असतं, कैकाड्याचं असतं, मुसलमानाचं असतं, गरीब मराठ्याचं असतं. आपल्या मास्तरच्या आवाजापुढं मातंगाचं पोर गप्प बसत असेल तर आपण त्या विद्यापीठातल्या विद्वानापेक्षा वेगळे कसे? जात सांगणं आणि जातीचं वजन पाडणं यातली रेघ बारीक आहे. तुमच्यातले जे डी. एड., बी. एड. करतायत त्यांनी ही रेघ स्वतः शोधायची आहे, मी काढून देणार नाही. एवढं सांगतो, मार्क देताना, शिक्षा करताना, वर्गप्रमुख नेमताना जात खरोखर बाहेरच पाहिजे. तिथं त्या साधनव्यक्तीचं वाक्य शंभर टक्के खरं.

म्हणून आपल्या आत्मकथनांबद्दल माझी एक तक्रार आहे. या मास्तरांनी आपण ज्या वर्गात शिकलो तो वर्ग मनापासून लिहिला. बाहेर बसवलेलं पोर, छडी, तहान, सगळं. आपण ज्या वर्गात शिकवलं तो मात्र फार थोडका येतो. विद्यार्थी म्हणून सोसलं ते सांगता आलं. खडू हातात आल्यावर आपण काय बोललो, काय गिळलं, समोरच्या आपल्याच पोराकडं बघायचं टाळलं की नाही, हे सांगायला जड जातं. कारण तिथं आपण नुसते सोसणारे नसतो. कुमुदताईंनी आडनावाची गोष्ट लिहून त्या बाजूला एक पाऊल टाकलं, आणि ते धाडसाचं होतं. पुढची पावलं मला आपल्या वाङ्मयात फारशी दिसत नाहीत.

२०१७ साली सरकारनं सात नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढलं. नोंद आहे 'भिवा' या नावानं. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. परिपत्रक आलं आणि मुख्याध्यापक म्हणाले, 'तुम्ही मराठीचे, दोन शब्द तुम्हीच बोला.' त्यांना काही माहीत नव्हतं. मी नववीच्या वर्गावर गोणपाटाची गोष्ट सांगितली, शिपायानं वरून ओतलेल्या पाण्याची सांगितली, आणि बोलता बोलता म्हणालो, 'माझे वडील असेच पडवीत बसून चौथी शिकले. आम्ही महारवाड्यातले. आता बौद्ध.' बास, एवढंच. वर्ग गप्प झाला. मग मागून एकानं विचारलं, 'सर, हे परीक्षेला आहे का?' आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी, पाटलाची, म्हणाली, 'मग इतकी वर्षं सांगितलं का नाही सर?'

तिला मला उत्तर देता आलं नाही. पुढचा धडा काढा म्हणालो.

संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पोचलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. एक जण चहाचा कप पुढं सरकवत म्हणाले, 'सर, तुमच्याकडं बघून वाटत नाही हो.' त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. आठ दिवसांनी दुसऱ्या वर्गातली दोन पोरं मधल्या सुट्टीत आली, काही काम नव्हतं, नुसती उभी राहिली आणि गेली.

तो आठवीतला पोरगा त्याच मार्चमध्ये दहावी होऊन बाहेर पडला होता. आता पुण्याकडं कुठल्यातरी कंपनीत आहे म्हणतात. त्यानंतरच्या सहा डिसेंबरला मी रजेच्या अर्जात 'चैत्यभूमी' असं लिहिलं आणि दादरला त्याच पुस्तकांच्या रांगेत दुपारभर उभा राहिलो. तो काही दिसला नाही. पुढच्या वर्षीही नाही.